निकोटिनचा गम : तंबाखूच्या तलफेवर तो कुठवर चालतो

तंबाखू किंवा सिगारेट सोडण्यासाठी औषधांच्या दुकानात जो निकोटिनचा गम मिळतो, त्याचे हे परीक्षण आहे. तालुक्याच्या गावी माझे औषधांचे दुकान आहे आणि हा गम मी गिऱ्हाइकांना देत आलो आहे. शिवाय माझे थोरले बंधू, ज्यांना घरात सगळे दादा म्हणतात, एसटीत चालक होते आणि निवृत्तीनंतर त्यांनी याच गमच्या आधाराने तंबाखू सोडली, त्यामुळे दिवसाच्या कोणत्या वेळी हा गम लागू पडतो आणि कोणत्या वेळी अपुरा पडतो, हे मला जवळून पाहता आले. माझे मत आधीच सांगतो. हे औषध चांगले आहे, पण नेहमीच्या च्युइंगमसारखे ते चघळले तर पैसे वाया जातात, आणि शरीरात निकोटिनचे पुढे काय होते हे ठाऊक नसेल तर गिऱ्हाईक लवकरच ‘काही उपयोग नाही’ म्हणत पुन्हा पुडीकडे वळते. कंपनीचे नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण बाजारातल्या निरनिराळ्या गममधले औषध एकच आहे आणि फरक आहे तो मुख्यतः चव, पाकीट आणि किमतीचा.

या गमचा जन्म स्वीडनमधला. १९६७ साली लुंड विद्यापीठातील क्लेस लुंडग्रेन यांनी हेल्सिंगबोर्ग येथील लिओ या औषध कंपनीत काम करणाऱ्या ओवे फर्नो यांना पत्राने कळवले की, पाणबुडीवर सिगारेट ओढता येत नाही तेव्हा तिथले लोक तोंडात तंबाखू धरतात आणि त्यावर त्यांचे भागते. याचा अर्थ उघड होता : माणसाला धूर नव्हे, निकोटिन हवे असते, आणि ते तोंडाच्या अस्तरातूनही शरीरात जाऊ शकते. फर्नो यांनी त्यावर वर्षानुवर्षे काम करून गम तयार केला. १९७८ साली स्वित्झर्लंडने आणि १९८४ साली अमेरिकेने त्याला मान्यता दिली, आणि २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेने निकोटिन पुरवणाऱ्या औषधांना आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. ज्या निरीक्षणातून हे औषध निघाले ते तोंडात धरायच्या तंबाखूचे होते, आणि आपल्याकडची मोठी अडचणही तीच तंबाखू आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू या ना त्या रूपात घेत होते, आणि त्यात खाण्याची, लावण्याची किंवा चघळण्याची तंबाखू घेणारे २४.४ टक्के होते. गमच्या पाकिटावरच्या सूचना मात्र बहुतेक वेळा सिगारेट ओढणाऱ्याला समोर ठेवून लिहिलेल्या असतात.

गममध्ये निकोटिन मोकळे नसते. ते पोलाक्रिलेक्स नावाच्या राळेला बांधलेले असते आणि चावताना लाळेतल्या क्षारांमुळे थोडे थोडे सुटत जाते. सुटलेले निकोटिन गालाच्या आतल्या अस्तरातून रक्तात शिरले पाहिजे, आणि नेमक्या या जागी तोंडातली आम्लता आड येते. निकोटिन हा सौम्य अल्कधर्मी पदार्थ आहे. तोंडात आम्ल असले की त्याच्या रेणूवर विद्युतभार चढतो आणि भार चढलेल्या रेणूला अस्तर सहजी ओलांडता येत नाही. तोंड अल्कधर्मी असले की भार उतरतो आणि तोच रेणू आत शिरतो. म्हणून गममध्ये सोडियम कार्बोनेट किंवा बायकार्बोनेट मिसळलेले असते. तळहातावर तंबाखूला लावलेला चुनादेखील हेच काम करतो. चुना लावून मळलेली तंबाखू चांगली लागते आणि चुन्याविना नुसती चघळलेली तितकी लागत नाही, हे मळणाऱ्यांना अनुभवाने माहीत असते; त्याचे कारण हे आहे. दादांना मी हे सांगितले तेव्हा गमवर त्यांचा पहिल्यांदा विश्वास बसला, कारण चुन्याचा हिशोब त्यांच्या हाताला चांगला ठाऊक होता.

यातूनच वापराचा पहिला नियम निघतो, आणि तोच सर्वांत जास्त मोडला जातो. गम तोंडात टाकण्यापूर्वी पंधरा मिनिटे आणि तो तोंडात असेपर्यंत काही खाऊ-पिऊ नये. कॉफी, कोला, लिंबूसरबत, ताक अशा आंबट किंवा आम्लधर्मी पेयांनी तोंडातला अल्कधर्मीपणा निघून जातो आणि गममधले निकोटिन रक्तात न जाता लाळेबरोबर पोटात उतरते. आपल्याकडे चहाचा शेवटचा घोट आणि तंबाखूचा बार यांची जोडी इतकी घट्ट असते की, गम हातात आल्यावरही माणूस चहाचा कप खाली ठेवताच तो तोंडात टाकतो. अशा गमचा परिणाम फिका पडतो, आणि दोष मात्र औषधाला लागतो.

दुसरा नियम चावण्याचा. दादांनी पहिला गम नेहमीच्या च्युइंगमसारखा चावला आणि थोड्याच वेळात त्यांना उचक्या लागल्या, छातीत जळजळ सुरू झाली. “अरे, हे तर घशात मिरची गेल्यासारखं होतंय,” असे म्हणून त्यांनी तो कागदात गुंडाळून टाकून दिला. भराभर चावल्याने निकोटिन एकदम सुटते, अस्तराला ते तेवढ्या वेगाने घेता येत नाही, आणि उरलेले गिळले जाते. गिळलेले निकोटिन अगदीच वाया जात नाही, पण पोटात आम्ल असल्याने तिथे ते फारसे शोषले जात नाही. पुढे आतड्यातून रक्तात शिरले तरी ते रक्त आधी यकृताकडे जाते, आणि यकृत त्यातला मोठा भाग मेंदूपर्यंत पोहोचण्याआधीच निकामी करते. म्हणजे गिऱ्हाइकाच्या वाट्याला उचकी आणि जळजळ येते, तलफ मात्र जागच्या जागी राहते.

बरोबर पद्धत अशी. गम सावकाश, मोजके चावे देत चावायचा. तिखटसर चव किंवा जिभेला झिणझिण्या जाणवल्या की थांबायचे आणि तो गाल व हिरडी यांच्या मध्ये ठेवून द्यायचा. चव ओसरली की पुन्हा थोडे चावायचे आणि या वेळी जागा बदलून ठेवायचा. असा एक गम साधारण अर्धा तास चालतो. या बाबतीत तंबाखू खाणारा सिगारेट ओढणाऱ्यापेक्षा लवकर तयार होतो, असा माझा अनुभव आहे, कारण ओठाआड बार धरून बोलत राहण्याची, काम करत राहण्याची त्याची सवय जुनी असते. दादांनी गम खालच्या ओठात, पूर्वी बार असायचा त्याच जागी ठेवायला सुरुवात केली होती. मी त्यांना बाजू बदलायला सांगितली, एक तर त्या जागेची कातडी तंबाखू-चुन्याने आधीच पांढरट व खरखरीत झालेली होती, आणि दुसरे म्हणजे जुनी जागा जुन्या सवयीला जागे करते. पांढरा चट्टा दिसला की तो दंतवैद्याला दाखवावा. दादांनाही मी आधी तिकडे पाठवले होते.

आता वेळेचा हिशोब, कारण गमबद्दलच्या बहुतेक तक्रारी इथून येतात. सिगारेटचा झुरका घेतल्यावर निकोटिन फुप्फुसातून दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोहोचते. तंबाखूचा बार त्याहून बराच सावकाश चढतो, पण रक्तातली पातळी जास्त वेळ टिकवून धरतो. गम सर्वांत मंद : रक्तातली पातळी शिखराला जायला अर्धा तास लागतो, आणि ते शिखरही बुटके असते. दोन मिलिग्रॅमच्या गममधून सुमारे एक मिलिग्रॅम आणि चार मिलिग्रॅमच्या गममधून सुमारे दोन मिलिग्रॅम निकोटिन शरीराला मिळते. हा मंदपणा औषधाचा दोष नाही. व्यसन जडते ते मुख्यतः पातळी झपाट्याने चढण्यामुळे, आणि गम तो झपाटा काढून घेऊन शरीराची नुसती गरज भागवतो. पण याचाच अर्थ असा की, तलफ पेटल्यावर गम तोंडात टाकून लगेच समाधान मिळण्याची वाट पाहिली तर निराशा ठरलेली आहे. गम वेळापत्रकाने घ्यायचा असतो : पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दर दोन-चार तासांनी, आणि त्यापुढचे तीन आठवडे दर चार-आठ तासांनी.

दर एक-दोन तासांनीच का, याचे उत्तर यकृतात आहे. रक्तातले निकोटिन सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते. यकृतातले सीवायपी २ए६ हे एन्झाइम, म्हणजे रासायनिक बदल घडवणारे प्रथिन, त्याचा बहुतांश भाग कोटिनिन नावाच्या पदार्थात बदलते. कोटिनिन शरीरात बराच वेळ रेंगाळते, त्याला निम्म्यावर यायला सोळा तासांच्या आसपास लागतात, आणि म्हणूनच कोणी तंबाखू घेतो की नाही हे पाहायचे असले तर रक्तात, लाळेत किंवा लघवीत निकोटिनऐवजी कोटिनिन तपासतात. गम घेणाऱ्याच्या तपासणीतही कोटिनिन सापडते, हे नोकरीच्या किंवा विम्याच्या वैद्यकीय तपासणीला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. रात्रभर झोपेत निकोटिन उतरत जाते आणि पहाटेपर्यंत ते तळाला गेलेले असते. उठल्या उठल्या हात पुडीकडे जातो तो यामुळे, आणि डॉक्टरही म्हणूनच व्यसनाची तीव्रता एका प्रश्नाने जोखतात : उठल्यापासून पहिली तंबाखू किंवा सिगारेट किती वेळात लागते? अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर चार मिलिग्रॅमचा गम, त्यानंतर लागत असेल तर दोनचा, असा साधारण नियम आहे. दादा एसटीत असताना पहाटेची पाळी करत. अंथरुणावर बसूनच ते मळायला घेत. त्यांना दोनचा गम पुरला नसता.

हे एन्झाइम सगळ्यांत सारख्या जोमाने काम करत नाही. काहींच्या शरीरात ते जन्मतः मंद असते, काहींच्यात चपळ. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये निकोटिन सर्वसाधारणपणे लवकर निघते, आणि गरोदरपणात तर आणखी लवकर. एकाच घरातला एकजण दिवसाला चार बारांवर राहतो आणि दुसऱ्याला दर तासाला लागतो, याला नुसता मनाचा कमकुवतपणा म्हणणे अन्यायाचे आहे. आमच्या भागात मिश्री लावणाऱ्या बाया पुष्कळ आहेत. त्यांना घरच्यांकडून ‘मनावर घेतलं तर सुटेल’ हे कितीतरी वेळा ऐकावे लागते, पण त्यांच्यासाठी गम विचारायला मात्र फारसे कोणी येत नाही. ही गोष्ट मला लागून राहिलेली आहे.

मेंदूत काय घडते तेही थोडक्यात सांगायला हवे. मेंदूतल्या पेशी ॲसिटिलकोलीनसारख्या रसायनांनी एकमेकींना निरोप देतात, आणि तो निरोप पेशीवरच्या रिसेप्टर नावाच्या खोबणींत घेतला जातो. निकोटिन ॲसिटिलकोलीनच्या एका जातीच्या रिसेप्टरांवर बसते आणि त्यातून डोपामिन हे दुसरे निरोपाचे रसायन पाझरते. या डोपामिनमुळे मेंदू ‘हे पुन्हा कर’ अशी नोंद घेतो. रोजच्या माऱ्याने हे रिसेप्टर संख्येने वाढतात, आणि तंबाखू बंद झाली की ते सगळे रिकामे राहून माणसाला चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड आणि तलफ जाणवू लागते. त्रासाचे पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण असतात, आणि तो बहुधा दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. सिगारेट सोडलेल्यांच्या मेंदूच्या चित्रांवरून हे रिसेप्टर पूर्ववत व्हायला सहा ते बारा आठवडे लागतात असे दिसले आहे. गमचे बारा आठवड्यांचे वेळापत्रक या मुदतीशी जुळणारे आहे, आणि गमच्या तीन-चार पाकिटांतल्या पट्ट्यांत काम उरकणारी गिऱ्हाइके परत का येतात, याचे उत्तरही त्यात आहे.

रक्तातली ही तलफ गम चांगली सांभाळतो. त्याच्या हाताबाहेरची तलफ निराळी आहे, आणि ती वेळेवर नव्हे तर प्रसंगावर येते. दादांना ती ठरावीक ठिकाणी गाठायची : जेवण उरकून हात धुतल्यावर, चहाच्या टपरीवर, स्टँडवर जुने सहकारी भेटल्यावर, आणि सर्वांत जास्त म्हणजे शेजारी कोणी तळहातावर तंबाखू मळून चुन्याची भुकटी उडवायला थाप मारली की. तो आवाज कानावर पडताच त्यांचा उजवा अंगठा डाव्या तळव्यावर फिरू लागायचा, तोंडात गम असतानाही. वर्षानुवर्षे ज्या आवाजानंतर, वासानंतर किंवा घोटानंतर निकोटिन मिळाले, तो आवाज आणि तो घोट मेंदूला स्वतःच पुरेसा इशारा होऊन बसतो, रक्तात निकोटिन पुरेसे असले तरीही. हे शिकलेले नाते औषधाने पुसले जात नाही. तो इशारा पुन्हा पुन्हा येऊनही त्यामागून तंबाखू आली नाही, तरच ते सावकाश विरते. अशी लाट बहुधा काही मिनिटांत ओसरते, आणि तेवढी मिनिटे हाताला काही काम लागते. दादा खिशात शेंगा ठेवू लागले आणि मळायची इच्छा झाली की त्या फोडू लागले. गम घ्यायचा असेल तेव्हा शेंगा नाहीत, एवढे पथ्य त्यांनी सांभाळले.

जेवणानंतरच्या तलफेत सवय आणि शरीर दोघांचाही हात असतो, आणि ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जेवल्यावर यकृताकडे जाणारा रक्ताचा ओघ वाढतो आणि निकोटिन काही काळ नेहमीपेक्षा लवकर काढून टाकले जाते. त्यामुळे जेवणापूर्वी ठीक असलेला माणूस ताटावरून उठताच कासावीस होतो. म्हणून मी सांगतो की, जेवणाच्या बऱ्याच आधी एक गम संपवावा, जेवणानंतर तोंड स्वच्छ धुऊन पंधरा मिनिटे थांबावे आणि मग पुढचा घ्यावा. ही पंधरा मिनिटे जड जातात. तेवढा वेळ घरातून बाहेर पडून चालून आलेले बरे. संध्याकाळी दारू घेणाऱ्यांची अडचण याहून मोठी आहे, कारण दारूच्या पहिल्या पेल्याबरोबर सिगारेट आठवणे आणि निश्चय ढिला पडणे या दोन्ही गोष्टी एकदमच होतात. निदान सुरुवातीचे काही आठवडे बैठकीला न जाणे हाच त्यावरचा उपाय मला दिसतो.

तंबाखूशिवाय पोट साफ होत नाही, ही तक्रार दुकानात नेहमी ऐकू येते आणि ती खरी आहे. निकोटिन आतड्यांची हालचाल वाढवते, आणि ते थांबले की बद्धकोष्ठ होणे हे तंबाखू सुटण्याच्या ज्ञात लक्षणांपैकी आहे. सकाळी उठल्यावर पहिला गम घेतल्याने काही जणांचे यात भागते. बाकीच्यांनी कोमट पाणी, फळे, भाज्या वाढवाव्यात आणि लागले तर काही दिवस इसबगोल घ्यावे. एवढ्या एका कारणासाठी पुन्हा पुडी उघडणारी माणसे मी पाहिली आहेत, म्हणून पाकीट देतानाच हे सांगून ठेवतो.

बिडी-सिगारेट सोडणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना हवी, आणि ती मला पाकिटातल्या पत्रकावर कधी ठळक दिसलेली नाही. धुरातल्या काही घटकांमुळे यकृतातले सीवायपी १ए२ हे दुसरे एन्झाइम जोरात चालू लागते, आणि चहा-कॉफीतले कॅफिन त्यानेच मोडले जाते. धूर बंद झाला की काही दिवसांत ते एन्झाइम नेहमीच्या चालीवर येते, आणि पूर्वीइतकाच चहा किंवा कॉफी घेतली तरी रक्तातले कॅफिन वाढते. धडधड, हात थरथरणे, झोप उडणे, हे सगळे माणूस सिगारेटच्या नावावर टाकतो, तर त्यातले काही कॅफिनचे असते. कप कमी केले की आराम पडतो. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही, त्यामुळे गम घेऊन तो टळत नाही, आणि तंबाखू खाणाऱ्याला तो लागू नाही. दम्यासाठी थिओफिलीन घेणाऱ्यांनी आणि मानसिक आजारासाठी क्लोझापिन किंवा ओलान्झापिन घेणाऱ्यांनी धूम्रपान सोडण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे, कारण त्या औषधांचे प्रमाणही याच कारणाने वाढू शकते.

आता वस्तू म्हणून गम कसा आहे ते सांगतो. दोन मिलिग्रॅमचा गम आपल्याकडे चिठ्ठीशिवाय मिळत आला आहे, चारच्या गमला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. चिठ्ठीची ही अट कागदावर योग्य असली, तरी व्यसन ज्यांचे जास्त त्यांनाच ती आडवी येते. ते डॉक्टरांकडे न जाता दोनचा गम घेऊन निघून जातात आणि मग तो पुरत नाही. पुदिना, दालचिनी, फळांचे स्वाद आणि पान अशा चवी मिळतात. तंबाखू-पानाच्या माणसाला पानाच्या चवीचा गम आधी आवडतो, पण मी तो सहसा सुचवत नाही, कारण पानाचा वास हाच त्याच्या तलफेचा इशारा असतो. पुदिन्याचा गम घ्यावा, त्याची तिखटसर झिणझिणी ओळखू यायला मात्र थोडा सराव लागतो. गम एरवीच्या च्युइंगमपेक्षा कडक असतो आणि वयस्कर माणसांचे जबडे दुखतात. कवळीला तो चिकटतो. पूर्ण कवळी असणाऱ्यांनी त्याऐवजी चघळून विरघळणारी निकोटिनची गोळी किंवा कातडीवर लावायची पट्टी घ्यावी. गम ज्या पट्टीतून फोडून काढायचा, तिचे आवरण जाड असते, आणि ते तसेच असावे, कारण लहान मुलाच्या हाती हा गम लागणे धोक्याचे आहे.

किमतीबद्दल मला स्पष्ट बोलायचे आहे. वेळापत्रकाप्रमाणे दिवसाला आठ-दहा गम घेतले तर रोजचा खर्च मजुरी करणाऱ्या माणसाच्या तंबाखूच्या खर्चाच्या कितीतरी पट होतो. सिगारेट ओढणाऱ्याला हा हिशोब परवडतो, मळणाऱ्याला नाही. मग तो दिवसाला दोनच गम घेतो, त्याची तलफ शमत नाही, आणि औषध निरुपयोगी ठरते. काही सरकारी रुग्णालयांतील तंबाखूमुक्ती केंद्रांत हे औषध मिळू शकते. आपल्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयात चौकशी करून मगच पाकीट घ्यावे, असे मी अशा गिऱ्हाइकाला सांगतो. एका पाकिटातले पत्रक मी दादांसाठी उघडले तेव्हा त्यात मराठीत एक ओळ नव्हती आणि अक्षर इतके बारीक होते की चष्मा लावूनही त्यांना ते वाचता आले नाही. ज्या औषधाचा निम्मा गुण वापरण्याच्या पद्धतीत आहे, त्याची पद्धत गिऱ्हाइकाच्या भाषेत न सांगणे मला अक्षम्य वाटते.

पुराव्याबद्दलही नीट सांगायला हवे. सिगारेट सोडणाऱ्यांवर निकोटिन पुरवणाऱ्या औषधांचे भरपूर अभ्यास झालेले आहेत आणि त्यांनी यशाची शक्यता सुमारे दीडपट होते. कातडीवरची पट्टी आणि गम मिळून वापरले तर एकेकट्यापेक्षा जास्त लाभ होतो. तोंडाने घ्यायच्या तंबाखूसाठी मात्र गमचा पुरावा तितका भक्कम नाही, विरघळणाऱ्या गोळीचा आणि व्हरेनिक्लिन या औषधाचा काहीसा बरा आहे. दादांना गम लागू पडला, पण त्यावरून सगळ्या मळणाऱ्यांना पडेल असे मी म्हणत नाही. समुपदेशनाची जोड असली तर कोणत्याही औषधाचा उपयोग वाढतो. तंबाखूच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक मोफत आहे, आणि तलफ चढलेल्या त्या काही मिनिटांत बोलायला कोणीतरी असणे याचे मोल मी दादांच्या बाबतीत पाहिले आहे.

ज्यांना मी हा गम देत नाही, तेही सांगतो. मावा, खर्रा, गुटखा खाणाऱ्याच्या तोंडात तंबाखूबरोबर सुपारी जाते, आणि सुपारीत अरेकोलीन नावाचा स्वतंत्र अंमली पदार्थ असतो. निकोटिनचा गम सुपारीची तलफ भागवत नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण सुपारी उघड मिळते, आणि तंबाखू सोडली म्हणून नुसत्या सुपारीकडे वळलेले तरुण नेहमी दुकानात येतात. सुपारी एकटीही कर्करोगकारक आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. अशा माणसाला मी आधी तोंड उघडायला सांगतो. तीन बोटे उभी आत जात नसतील, तिखट लागताच तोंडाची आग होत असेल, तर त्याला गमची नव्हे, दंतवैद्याची गरज आहे, आणि आखडलेल्या जबड्याने गम चावणे त्याला जमणारही नाही. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो घेऊ नये. आणि गम चालू असताना तंबाखूही चालू ठेवणाऱ्याला मळमळ, घाम, डोके गरगरणे हा त्रास होऊ शकतो.

गमचेच व्यसन लागते का, हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. काही माणसे ठरलेल्या मुदतीनंतरही तो सोडत नाहीत, हे खरे आहे. तरीही तंबाखू आणि गम यांना मी एका पारड्यात घालत नाही, कारण निकोटिन व्यसन लावते, पण तोंडाचा आणि फुप्फुसांचा कर्करोग होतो तो तंबाखूतल्या नायट्रोसअमाइनसारख्या द्रव्यांनी आणि धुरातल्या घटकांनी, आणि ती गममध्ये नसतात. दादांनी वेळापत्रकापेक्षा जास्त काळ गम घेतला, मग चारचा दोनवर आणला, आणि शेवटी फक्त जेवणानंतरचा एक ठेवला. तो शेवटचा सोडायला त्यांना बाकीच्या सगळ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. त्या काळात मी त्यांना घाई केली नाही, आणि दुकानात येणाऱ्या, या टप्प्यावर अडलेल्या माणसालाही मी करत नाही. फक्त पुढच्या वेळी पाकीट घेताना चारचे हवे की दोनचे पुरेल, एवढे विचारतो.